टेलिफोनवरून प्रकृतीची पाहणी

पिकाचा अंदाज कसा काढतात हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मंडळांतील प्रत्येक शेत कोणी कापून तोलीत बसत नाहीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें कांहीं गांवें निवडतात, त्या गांवांतील कांहीं नंबर निवडतात, त्या नंबरांत ठराविक मापाचा एक तुकडा आंखतात. तेवढेंच पीक कापून, मळून, वजन करून त्यावरून साऱ्या मंडळाचा उतारा ठरवितात. पीकविम्याची भरपाई ह्या उताऱ्यावर अवलंबून असल्यामुळें कापणीच्या दिवशीं शेतकरी जातीनें बांधावर हजर राहतो, आणि तुकडा बरोबर आंखला कीं नाहीं हें डोळ्यांत तेल घालून पाहतो.

ह्या शास्त्राचा पाया आपल्या देशांत १९४० नंतरच्या दशकांत घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांत डॉ. पानसे व डॉ. पां. वा. सुखात्मे हे दोन मराठी शास्त्रज्ञ प्रमुख होते. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे. पुढें ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी शाखेचे प्रमुख झाले, आणि तेथून निवृत्त झाल्यावर पुण्यास राहून त्यांनीं माणसाच्या आहाराचा अभ्यास केला. पिकाचें माप घेणारी विद्याच माणसाच्या प्रकृतीचें माप घेण्यास उपयोगीं पडते, हें त्यांच्या आयुष्यावरून दिसतें.

आजच्या लेखाचा विषय हाच आहे. राज्यांतील प्रौढ स्त्रीपुरुष कोणत्या संवयींमुळें व कोणत्या आजारांमुळें धोक्यांत आहेत, ह्याचा अंदाज थोड्या लोकांस टेलिफोनवर प्रश्न विचारून काढतां येतो काय? येत असल्यास त्यावर विश्वास किती ठेवावा? आणि असा टेलिफोन आपल्याच घरीं आला तर आपण काय करावें? पीककापणीच्या वेळीं दाखवितों ती दक्षता ह्या कामीं आपण दाखवीत नाहीं, असा आमचा अनुभव आहे, व तो पुढें सांगितला आहे.

ही रीत कोठून आली

टेलिफोनवरून प्रकृतीची पाहणी करण्याची मोठी व सतत चाललेली योजना अमेरिकेंत १९८४ सालीं सुरू झाली. प्रारंभीं तींत १५ राज्यें होतीं; आज तेथील सर्व राज्यें तींत आहेत, आणि दरवर्षीं चार लाखांहून अधिक प्रौढ माणसांस प्रश्न विचारले जातात. माणूस तंबाखू ओढतो काय, दारू किती पितो, अंगमेहनत किती करितो, रक्तदाब किंवा मधुमेह असल्याचें डॉक्टरांनीं कधीं सांगितलें आहे काय, लस टोंचून घेतली काय, असे ते प्रश्न असतात.

ह्या रीतीचे लाभ उघड आहेत. घरोघर माणूस पाठविण्यास जो प्रवासखर्च व जो वेळ लागतो तो वांचतो. दहा वर्षांनीं एकदां होणाऱ्या खानेसुमारीची वाट पाहावी लागत नाहीं. वर्षानुवर्षें तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारल्यानें तंबाखूचें व्यसन वाढतें आहे कीं घटतें आहे हें समजतें, आणि सरकारास कायदा करावयाचा असो, दवाखाना काढावयाचा असो, अथवा औषधें पुरवावयाचीं असोत, पैसा कोठें घालावा ह्याला कांहीं आधार मिळतो.

ज्याला टेलिफोन करावयाचा तो माणूस कसा निवडतात, हेंही समजून घेतलें पाहिजे. टेलिफोनची सर्वांचीं नांवें असलेली यादी कोणाजवळ नसते. म्हणून नंबरांच्या आरंभींचे जे आंकडे कंपन्यांस त्या त्या विभागासाठीं नेमून दिलेले असतात ते घेऊन त्यांपुढील आंकडे यंत्राकडून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें जुळवितात. असा जुळलेला नंबर कोणाचाही निघेल. नारायणगांवच्या व्यापाऱ्याचा निघेल किंवा अवसरीच्या शेतमजुराचा निघेल. पुष्कळ नंबर तर कोणाचेच नसतात, आणि ते टाकून द्यावे लागतात. कोणी आपल्या ओळखीचा म्हणून निवडला जात नाहीं, हेंच ह्या रीतीचें मर्म होय.

आपल्याकडील पाहण्या

आपल्या राज्यांत प्रकृतीची पाहणी अद्याप मुख्यतः घरोघर जाऊनच होते. मुंबईस देवनार येथें आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या देखरेखीखालीं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पांचवी फेरी २०१९ ते २०२१ ह्या काळांत झाली. तींत पाहणी करणारे नुसते प्रश्न विचारून परतले नाहींत. त्यांनीं दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजला व बोटाचा थेंब घेऊन साखर पाहिली. महाराष्ट्रांत १५ वर्षांवरील दर १०० स्त्रियांमागें सुमारें २३ स्त्रियांचा व दर १०० पुरुषांमागें सुमारें २४ पुरुषांचा रक्तदाब वाढलेला निघाला, किंवा त्यासाठीं औषध चालू असलेलें आढळलें.

आपल्या तालुक्यांच्या शेजारचेंच आणखी एक उदाहरण आहे. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचें काम चालतें. तेथें २००२ सालापासून आसपासच्या २२ गांवांतील घरांची नोंद ठेवून जन्म, मृत्यु व स्थलांतर ह्यांची माहिती पुनःपुनः घेण्यांत येऊं लागली. २००५ सालीं आशियांतील नऊ ठिकाणीं एकाच वेळीं तंबाखू, आहार, मेहनत व रक्तदाब ह्यांची पाहणी झाली, तींत हिंदुस्थानांतून वढूचीच निवड झाली होती. म्हणजे भीमेच्या कांठचा शेतकरी जगाच्या पाहणींत गेल्यास आज वीस वर्षें होऊन गेलीं.

टेलिफोनच्या रीतीचा प्रयोगही महाराष्ट्रांत झालेला आहे. ‘सारी’ ह्या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पाहणींत २०१६ सालीं मुंबईस, आणि २०१८ सालीं महाराष्ट्र राज्यांत, १८ ते ६५ वर्षांच्या प्रौढांस मोबाइलवर प्रश्न विचारण्यांत आले. पाहणीचा मुख्य विषय जातिभेद व स्त्रियांविषयींचीं मतें हा होता. परंतु २०१८ सालीं मनाच्या आरोग्याविषयींही प्रश्न होते. चिंता, उदासीनता, झोंप न लागणें ह्या गोष्टी शेतकरी चावडीवर बोलत नाहीं. समोर न दिसणाऱ्या माणसापाशीं त्या सांगणें कित्येकांस सोपें जातें. ह्या पाहणींत स्त्रियांशीं स्त्रियांनीं व पुरुषांशीं पुरुषांनीं बोलावें, आणि घरांतील प्रौढांपैकीं कोणाशीं बोलावयाचें हेंही चिठ्ठीप्रमाणें ठरावें, असा नियम होता. हा नियम किती महत्त्वाचा आहे तें पुढें दिसेल.

विचारणें निराळें, मोजणें निराळें

टेलिफोनची सर्वांत मोठी उणीव ही कीं, त्याला पट्टा बांधतां येत नाहीं. माणसास जें ठाऊक आहे तेवढेंच तो सांगतो. आणि रक्तदाब हा असा रोग आहे कीं, तो वर्षानुवर्षें अंगांत असतांही बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. एके दिवशीं लकवा होतो तेव्हांच घरांत त्याचें नांव निघतें.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बंगळूर येथील संस्थेनें २०१७-१८ सालीं देशभर जी पाहणी केली, तींत १८ ते ६९ वर्षांच्या माणसांपैकीं शेंकडा २८.५ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. परंतु अशा माणसांपैकीं आपणांस हा विकार आहे हें शेंकडा २७.९ जणांसच ठाऊक होतें. आतां हिशेब करून पाहूं. हजार प्रौढ माणसें घेतलीं, तर त्यांत रक्तदाबाचीं सुमारें २८५ निघतील. ह्या २८५ पैकीं सुमारें ८० जणांस तें माहीत असेल. टेलिफोनवर विचारलें असतां तेवढेच ८० जण ‘होय’ म्हणतील, आणि बाकीचे २०५ जण अगदीं प्रामाणिकपणें ‘नाहीं’ म्हणतील. कागदावर हजारीं ८० रोगी लागतील, प्रत्यक्षांत २८५ असतील. उपजिल्हा रुग्णालयास औषधांचा सांठा किती पाठवावा हें जर त्या कागदावरून ठरलें, तर तो सांठा कितीसा पुरेल?

ह्यांतून आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. समजा, एखाद्या तालुक्यांत वर्षभर तपासणीचीं शिबिरें झालीं आणि ज्यांस माहीत नव्हतें त्यांस आपला रोग कळला. पुढील वर्षीं टेलिफोन केला असतां ‘होय’ म्हणणारे वाढतील, आणि न समजणारा मनुष्य म्हणेल कीं तालुक्यांत रोग वाढला. वस्तुतः वाढलें तें ज्ञान. रोग होता तेवढाच आहे. म्हणून तंबाखू, दारू, मेहनत, औषध नियमित घेणें, ह्या ज्या गोष्टी माणसास स्वतः ठाऊक असतात त्यांसाठीं टेलिफोन चांगला. जो रोग अंगांत लपून असतो त्यासाठीं यंत्रानें मोजण्यावांचून गत्यंतर नाहीं. जाणत्या पाहणीकारांस हें पक्कें ठाऊक असतें, व ते दोन्ही रीती एकमेकींस जोडून वापरतात.

टेलिफोन कोणाच्या हातीं असतो

दुसरी उणीव निवडीची. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यालगतचेच तुकडे कापून जुन्नर तालुक्याच्या बाजरीचा उतारा कोणी ठरविला, तर आणे पठारावरचा शेतकरी तो मान्य करील काय? टेलिफोनच्या पाहणींत हाच दोष नकळत शिरतो. पुणें-नाशिक रस्त्यालगत मंचर, नारायणगांव, आळेफाटा येथें मोबाइल केव्हांही लागतो. भीमाशंकर, आहुपें, नाणेघाट ह्या बाजूच्या वाड्यांत रेंज कोठें मिळते, कोठें मिळत नाहीं. हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा आवाज त्यामुळें पाहणींत कमी येतो, आणि द्राक्षें-टोमॅटोवाल्याचा जास्त येतो. वेळेचेंही तसेंच. दिवसा कांद्याची काढणी चालते, रात्रीं वीज आली कीं पाणी भरावयास जावें लागतें. अशा माणसास एकदां फोन करून तो उचलला नाहीं म्हणून सोडून दिला, तर पाहणींत रिकामीं माणसेंच अधिक भरतील. म्हणून चांगल्या पाहणींत त्याच नंबरावर निरनिराळ्या वेळीं पुनःपुनः प्रयत्न करितात.

सर्वांत मोठी तूट स्त्रियांची आहे. वर सांगितलेल्या २०१९-२१ च्या सर्वेक्षणाप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४७ स्त्रियांजवळच स्वतः वापरावयाचा मोबाइल होता. बाकीच्या घरांत फोन वाजतो तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशांत.

ह्यावर पाहणीकार एक उपाय करितात. त्यास भार देणें म्हणतात. गांवांत स्त्रिया निम्म्या असून उत्तरें देणाऱ्यांत चौथाईच आल्या, तर प्रत्येक स्त्रीचें उत्तर दोन उत्तरांच्या बरोबरीचें धरतात व प्रत्येक पुरुषाचें त्या मानानें कमी धरतात. उपाय ठीक आहे, पण तो अपुरा आहे. ज्या स्त्रिया फोनवर आल्या त्या शिकलेल्या व रस्त्याकांठच्या असतील, तर त्यांचें उत्तर दुप्पट केल्यानें डोंगरावरच्या स्त्रीचें दुखणें कळत नाहीं. बागाईत शेताचा उतारा दोनदां मोजला म्हणून जिराईत मोजलें असें होत नाहीं.

आमच्याच घरांतील नोंद

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या घरीं प्रकृतीची चौकशी करणारा एक टेलिफोन आला. बोलणारी बाई सभ्य होती. आम्ही ओसरीवर बसलों होतों. घरांतील प्रौढ माणसांपैकीं कोणास रक्तदाब किंवा मधुमेह आहे काय, असें तिनें विचारलें. आम्ही ‘कोणासही नाहीं’ असें ठोकून दिलें. स्त्रीमाणसाशीं बोलतां येईल काय, असें तिनें विचारतांच, ‘त्या कामांत आहेत, आम्हीच सांगतों’ असें म्हणून पुढील सर्व प्रश्नांचीं उत्तरेंही आम्हीच दिलीं. त्या वेळीं आमचें कुटुंब माजघरांत, चार पावलांवर, तांदूळ निवडीत बसलें होतें.

पुढें दोन महिन्यांनीं आशाताईंनीं आग्रह केला म्हणून कुटुंबास उपकेंद्रांत नेलें. पट्टा बांधला तेव्हां वरचा आंकडा १७८ निघाला. पुन्हां मोजला, पुन्हां तोच. डोकें दुखतें, चक्कर येते असें त्या वर्षभर सांगत होत्या. आम्ही तें उन्हाचें व उपासांचें मानीत होतों. आज औषध चालू आहे व प्रकृति बरी आहे.

आमची उभी हयात महसुलाच्या दफ्तरांत गेली. समक्ष पाहिल्यावांचून पाहणीपत्रकांत पीक मांडूं नये, घरीं बसून केलेली नोंद ही नोंदच नव्हे, हें आम्ही नव्या माणसांस किती वेळां सांगितलें असेल ह्याची गणती नाहीं. तींच अक्षरें आम्ही स्वतःच्या घरांत पुसलीं. त्या बाईच्या कागदावर आमच्या कुटुंबाच्या नांवापुढें निरोगी अशी खूण पडली, ती आमच्या तोंडून पडली. तशीं घरें तालुक्यांत किती असतील हें ज्यानें त्यानें मनाशीं ठरवावें.

प्रश्न आपल्या बोलींत असावेत

चूक उत्तर देणाऱ्याचीच असते असें नाहीं. प्रश्नांतही ती असूं शकते. ‘तुम्ही तंबाखू खातां काय?’ असें आमच्या भागांतील एखाद्या वृद्ध बाईस विचारलें, तर ती ‘छे, छे’ म्हणेल. पण ती सकाळसंध्याकाळ मिश्री लावीत असते. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच; परंतु तिच्या लेखीं तें दांत घासण्याचें साधन आहे, व्यसन नव्हे. २०१६-१७ सालच्या तंबाखूच्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील १५ वर्षांवरील दर १०० माणसांमागें सुमारें २७ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेणारीं आढळलीं, व त्यांत धूर ओढणारीं थोडीं, आणि चघळणारीं व लावणारीं फार होतीं. त्या पाहणींत मिश्रीसारख्या प्रकारांचा नांवानिशीं उल्लेख होता. परक्या देशाची प्रश्नावली जशीच्या तशी आणून ‘सिगारेट ओढतां काय’ एवढेंच विचारलें असतें, तर तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारी ही वाट कागदावर उमटलीच नसती.

तसेंच फवारणीचें. द्राक्षबागेंत किंवा टोमॅटोंत औषध मारतांना तोंडास फडकें बांधतां काय, मारून झाल्यावर हातपाय धुऊन मग भाकरी खातां काय, हा प्रश्न शहरांतील प्रश्नावलींत नसतो. तो आपल्याकडील पाहणींत असावा अशी मागणी शेतकरी संघांनीं केली पाहिजे. व्यायाम करितां काय, ह्या प्रश्नावर दिवसभर खुरपणारी बाई ‘नाहीं’ म्हणते, हेंही पाहणीकारांनीं ध्यानांत ठेवावें.

आपण काय करावें

पहिली गोष्ट ही कीं, असा टेलिफोन आला तर प्रथम कोण बोलतो, कोणत्या संस्थेकडून बोलतो व माहितीचा उपयोग काय, हें विचारावें. खरा पाहणीकार हें न रागावतां सांगतो, आणि उत्तर देणें न देणें तुमच्या खुशीवर आहे हेंही सांगतो. हल्लीं फोनवरून फसविणारेही फार झाले आहेत. प्रकृतीच्या पाहणीस आधारचा नंबर लागत नाहीं, बँकेचें खातें लागत नाहीं, मोबाइलवर आलेला ओटीपी तर कधींच लागत नाहीं. ह्यांपैकीं कांहींही कोणी मागितलें कीं फोन ठेवावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवितां १९३० ह्या सरकारी नंबरावर कळवावें. परंतु चोरांच्या भयानें खऱ्या माणसासही दार लावून घेणें योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट, ज्याचें त्यानें उत्तर द्यावें. बायकोस, सुनेस, आईस विचारलें असतां फोन त्यांच्या हातीं द्यावा व आपण बाजूस व्हावें. समोर घरधनी उभा असतां कोणती सून आपलें दुखणें मोकळेपणानें सांगेल?

तिसरी गोष्ट, जें मोजलेलें नाहीं त्यास ‘नाहीं’ म्हणूं नये. ‘तपासलेलें नाहीं’ म्हणावें. ह्या दोन उत्तरांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पडीक आणि न पाहिलेलें शेत एकाच रकान्यांत मांडीत नाहींत.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि तीच सर्वांत मोलाची. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब व साखर गांवच्या उपकेंद्रांत तपासण्याची सरकारी योजना आहे. ह्या केंद्रांस आतां आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. आशाताई घरीं येऊन एक तक्ता भरतात. त्यांत वय, तंबाखू, दारू, मेहनत, कमरेचा घेर व घराण्यांतील आजार ह्यांस गुण असतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांहून व स्त्रीची ८० हून अधिक भरली कीं गुण वाढतात. एकूण गुण चारांवर गेले तर तपासणीस आधीं बोलावतात. तो तक्ता ओसरीवर बसून घाईनें भरूं नये. घरांतील सर्वांस बोलावून भरावा, आणि बोलावणें आलें कीं जावें.

पीककापणीचा तुकडा वांकडा आंखला तर एका हंगामाची भरपाई बुडते. प्रकृतीच्या पाहणींत खोटी किंवा न पाहतां केलेली नोंद गेली, तर औषध त्या गांवीं येत नाहीं, आणि नुकसान घरच्या माणसाचें होतें. म्हणून बांधावर उभें राहून जी काळजी आपण घेतों, तीच ओसरीवर फोन वाजेल तेव्हां घ्यावी, एवढीच आमची आपल्या शेतकरी बंधुभगिनींस विनंति आहे.